एका शब्दाचे सात हात

सोमवार, ४ मार्च

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्या शंका एका वहीत लिहीत जा. तोंडाने विचारत बसलीस तर माझं काम राहतं." म्हणून ही वही. त्या "माझं काम राहतं" म्हणाल्या की "माझं काम तसंच राहतं" म्हणाल्या, ही पहिली शंका.

आमची कचेरी पहिल्या मजल्यावर आहे, खाली चपला दुरुस्तीचं दुकान. माणसं तीन. मोठ्या बाई मालकीण. गळ्यात दोन चष्मे, एक इंग्रजीसाठी आणि एक माणसांसाठी. दुसरा, पानं जुळवणारा. त्याला सगळे समास म्हणतात, कारण पानाच्या कडेची मोकळी जागा हा त्याच्या जिवाचा विषय आहे. माझं फ्रेंच इंग्रजीपेक्षा लांब होतं म्हणून तो रोज उसासे टाकतो. "तुमची फ्रेंच म्हणजे पाय पसरून झोपणारी पाहुणी," म्हणतो. तिसरी मी. माझी तीन महिन्यांची उमेदवारी ३१ तारखेला संपते.

आज पहिल्यांदा पूर्ण काम एकटीला मिळालं. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या मशीनची माहितीपुस्तिका, चौसष्ट पानं, इंग्रजीतून फ्रेंच, मुदत २० तारीख.

"हे नीट झालं तर राहशील," बाई म्हणाल्या.

"आणि नाही झालं तर?"

"तर ही वही घेऊन घरी जाशील."

हसून म्हणाल्या. पण चष्मा इंग्रजीचा होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

आमच्या घरात शिकलेली मी पहिली. आई आणि मावशी शाळेत गेल्या त्या एकदाच, माझं नाव घालायला. त्यामुळे मी चुकले तर एकटी चुकत नाही.

मंगळवार, ५ मार्च

एक शब्द आडवा आला आहे. क्लिअर. चौसष्ट पानांत एक्केचाळीस वेळा.

हा शब्द आपणही रोज वापरतो, म्हणून सकाळी मला तो गरीब वाटला होता. दुपारपर्यंत त्याने रंग दाखवले. अडकलेली चादर क्लिअर करा. पडद्यावरचा आकडा क्लिअर करा. मशीनच्या पुढे एक मीटर क्लिअर ठेवा. झाकण क्लिअर प्लास्टिकचं आहे. सुरू करताना सगळे क्लिअर राहा. फ्रेंचमध्ये याचा क्लेर नावाचा जुळा भाऊ आहे, पण तो फक्त उजेडात आणि समजुतीत मदत करतो. चादर ओढायला बोलावलं तर येत नाही.

एरवी यात रडण्यासारखं काही नाही, दर ठिकाणी वेगळा शब्द घालायचा. पण मशीन कंपनीच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं आहे: 'एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच फ्रेंच शब्द वापरावा.' आमच्या कचेरीतही तशी कार्डांची पेटी आहे. एक शब्द, एक कार्ड, एक उत्तर. बाईंनी ती वीस वर्षांत भरली आहे. क्लिअरचं कार्ड काढलं तर त्यावर बाईंच्या अक्षरात एवढंच: 'नंतर पाहू.'

गुरुवार, ७ मार्च

अजून नंतर पाहतेच आहे. सगळी एक्केचाळीस वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर मांडली. समासने दाराकडून पाहिलं आणि म्हणाला, "पत्ते खेळताय की लग्न जुळवताय?" मग आपला दिवा उचलून माझ्या टेबलावर ठेवून गेला. माझ्या डोळ्यांवर येतो, म्हणाला. आता त्याला अंधारात काम करावं लागतं. त्याला नक्की काय सुचवायचं आहे? मी फार वीज वापरते असं?

शिवाय मी किती वाजता निघते हे तो रोज विचारतो आणि त्याच वेळी जिना उतरतो. बाईंनी लक्ष ठेवायला सांगितलं असावं.

रविवार, १० मार्च

आज एक गोष्ट केली. ती बरोबर केली की नाही हे ठरत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आई आणि मावशी बत्तीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत आहेत. चादरींच्या मशीनवर. दोघी मिळून चादरीची दोन टोकं रोलरला देतात, पलीकडे दोघीजणी घडी घालतात. पुस्तिकेतलं मशीन तसंच आहे, त्यांचं फक्त म्हातारं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण कचेरीत रुजू होताना मी लिहून दिलं आहे की कामाचे कागद बाहेर कोणाला दाखवणार नाही. मग वाटलं, आईला वाचता येत नाही. तिला कागद दाखवणं म्हणजे दाखवणं होतं का? वाचून दाखवणं म्हणजे दाखवणं होतं का? शेवटी कागद पिशवीतच ठेवला आणि वाक्यं पाठ म्हटली. तरी जेवण नीट गेलं नाही.

वाक्य आपल्या भाषेत सांगायचं आणि त्या शब्दाच्या जागी "टिंब टिंब" म्हणायचं.

"चादर रोलरला गुंडाळली, तर आधी चादर टिंब टिंब करा."

आईने पोळपाटावरचे हात तसेच उचलले आणि हवेतून काहीतरी हलकेच सोडवलं.

"घडीचं टेबल टिंब टिंब करा."

तिने दोन्ही हातांनी सगळं कवळ्यात गोळा केलं आणि मावशीच्या मांडीवर टाकलं.

"मशीन सुरू करताना सगळ्यांनी टिंब टिंब राहावं."

या वेळी आईने मावशीच्या छातीला कोपर लावून तिला भिंतीपर्यंत मागे सारलं. मावशी ओरडली, "अगं, बोलून सांग ना! दर वेळी काय ढकलतेस?"

"मशीनवर बोललेलं कुठे ऐकू येतं?" आई म्हणाली.

एक्केचाळीस वाक्यं, आणि आईचे हात सात प्रकारे हलले. सोडवायचं, पुसायचं, मागे सरायचं, जागा मोकळी ठेवायची, आवरायचं, पूर्ण बाहेर येऊ द्यायचं, आणि सातवं, आरपार दिसणारं, त्यासाठी तिने नुसता पदर डोळ्यांपुढे धरला. मी वहीत वाक्यांचे नुसते आकडे सात गटांत लिहिले. प्रत्येक गटाला फ्रेंच शब्द असा अलगद बसला की मी टाळी वाजवली.

मग सत्तावीसवं वाक्य पुन्हा म्हणायला गेले आणि आई म्हणाली, "थांब. त्याच्या आधी काय आहे?"

सांगितलं. पायरी एक, लाल बटण दाबा. दोन, बोटं वाचवणारी दांडी वर करा. तीन, चादर सोडवा. चार, रोलर पुसा. पाच, भिंतीवरचा खटका बंद करून मशीन तपासा.

"खटका पाचवा?"

"हो."

"कोणी लिहिलंय? त्याला दहा बोटं आहेत का विचार."

लाल बटणाने मशीन झोपतं, मरत नाही, असं ती म्हणाली. झोपेत चादर ओढली की त्याला वाटतं नवी चादर आली, आणि ते गरकन फिरतं. भिंतीवरचा खटका पाडला की मरतं. म्हणून खटका आधी, हात मग. "त्यांचं नवं आहे, आमच्यापेक्षा शहाणं असेल," मी म्हटलं. आई म्हणाली, "तीन नवी पाहिली मी. सगळी असलीच शहाणी."

मावशीने डावा हात माझ्या पुढे धरला. तिच्या करंगळीचं टोक नाही. मला लहानपणापासून माहीत आहे की ते दारात सापडलं.

"दार नव्हतं ते," मावशी म्हणाली. "तेव्हा तू पहिलीत होतीस. सारखी 'कसं झालं, कसं झालं' विचारायचीस. दार सोपं वाटलं सांगायला."

मग म्हणाली, "तोंड असं करू नकोस, नऊ उरलीत. कान कोरायला तेवढीच लागत होती, ती गेली इतकंच."

सोमवार, ११ मार्च

अनुवादकाने मूळ लेखाला हात लावायचा नसतो. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, मूळ चुकलं असेल तर चुकीचाही नीट अनुवाद करायचा. हे बाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि मला ते फार आवडलं होतं. त्यात लपायला जागा आहे.

पण कोणीतरी माझं फ्रेंच वाचून पायरी तीनला हात घालणार आहे.

जेवायच्या सुट्टीत पत्र लिहिलं. सहा वेळा लिहिलं. सहाव्यात असं आलं: 'एका अनुभवी तंत्रज्ञांच्या मते पायऱ्यांचा क्रम धोकादायक आहे. तसेच सदर शब्दास एकाऐवजी सात प्रतिशब्द आवश्यक आहेत.'

बाईंनी माणसांचा चष्मा लावला. "हे तंत्रज्ञ कोण?"

"ओळखीतले आहेत."

"बरं," म्हणाल्या आणि पत्र पाठवलं.

मी 'ओळखीतले' म्हटलं. ते खोटं नाही. आईला मी ओळखते. पण घरी जाताना जिन्यावर मधेच थांबले. समास बरोबर उतरत होता, म्हणाला, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे." हेही खोटंच. एका दिवसात दोन.

बुधवार, १३ मार्च

कंपनीचं उत्तर: आमच्या पुस्तिकेत चूक नाही. ती अकरा देशांत गेली आहे. कृपया सूचनेप्रमाणे अनुवाद करावा.

शुक्रवार, १५ मार्च

काल दिवसभर पायरी तीन लिहीत होते आणि खोडत होते. आज बाईंना जाऊन सांगितलं की मी हे पान असं देऊ शकत नाही. बाकीची त्रेसष्ट देते.

बाईंनी दोन्ही चष्मे काढले. मग म्हणाल्या, "वीस वर्षांत मी पान परत केलं नाही." मी वही पिशवीत घालायला लागले. तर म्हणाल्या, "वही कुठे घेऊन चाललीस? बस. फोन लावते."

आतून त्यांचा इंग्रजी आवाज ऐकू येत होता. शब्द कळले नाहीत, पण कार्डांच्या पेटीवर त्यांनी दोनदा हात आपटला.

सोमवार, १८ मार्च

आता मात्र संपलं. कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या कामासाठी इकडे आला आहे, उद्या दुपारी कचेरीत येतो आहे. त्याला त्या अनुभवी तंत्रज्ञांना भेटायचं आहे. त्याला फक्त इंग्रजी येतं. दुभाषी मी.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. दिवसभर तेच करून घरीही तेच.

"उद्या कचेरीत येशील? मी तिथे तुला तंत्रज्ञ म्हटलंय."

"ते काय असतं?"

"ज्याला मशीनचं कळतं."

"मग बरोबर म्हटलंस की."

"आणि… माझी आई आहेस हे सांगितलं नाहीये."

आईने घडी पुरी केली. "बरं. मग तिथे मी तुला काय म्हणू? बाईसाहेब?"

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. मोठंच ओझं उतरलं. आईला काही वाटलं नाही हे बरं झालं. ती नंतर तीच एक चादर उलगडून पुन्हा पुन्हा घडी घालत होती. दमली असावी.

मंगळवार, १९ मार्च

आज खूप लिहायचं आहे, अक्षर माफ.

इंजिनिअर खूप उंच आहे. आमच्या खुर्चीत बसला तेव्हा गुडघे टेबलाच्या वर आले. आई निळी साडी नेसून, केस चापून बसवून आली आणि दारातच मला म्हणाली, "नमस्कार, बाईसाहेब." समासने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आमची नाकं सारखी आहेत.

सुरुवात चांगली झाली. तो विचारायचा, मी सांगायची, आई बोलायची, मी सांगायची. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. आई "त्या पुस्तकवाल्याला एक दिवस माझ्या जागेवर उभा करा" म्हणाली तेही सांगितलं. "पुस्तकवाला मीच आहे," तो म्हणाला. तेही आईला सांगावं लागलं. "मग उभे राहा की," आई म्हणाली.

मग त्याने विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात?

"बहिणीच्या करंगळीवर," आई म्हणाली. मी सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला.

मग त्याने विचारलं, आणि या कचेरीशी तुमचा संबंध कसा आला?

मी ते आईला आपल्या भाषेत विचारलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावून नाही. मी परीक्षेला जाताना दारात उभी राहून पाहायची, तशी.

"काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, बाईसाहेब," म्हणाली.

आता नियमाप्रमाणे मी हेच वाक्य इंग्रजीत सांगायला हवं होतं. मी सांगितलं. जसंच्या तसं, 'बाईसाहेब'सकट. आणि मग पाळी माझीच होती. खालून चपलेवर हातोडी पडत होती. इंजिनिअर वाट पाहत होता, बाई वाट पाहत होत्या.

मी म्हटलं, "ही माझी आई आहे." आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. कोणी न बोललेलं वाक्य मी भाषांतरात घातलं, तेही दोनदा. मग पत्रात का नाही लिहिलं तेही सांगितलं: लाँड्रीत काम करणाऱ्या बाईचं कोणी ऐकणार नाही असं वाटलं, आणि मला लाज वाटली. हे आपल्या भाषेत सांगताना मधेच आवाज गेला.

"बरं, बरं," आई म्हणाली, "आता रडून त्यांचा वेळ घेऊ नकोस. तो कागद आण मोठा."

समासने छपाईचा सर्वांत मोठा कागद आणला. आईने इंजिनिअरला उभं केलं आणि सांगितलं, तू रोलर. बाळा म्हणाली त्याला. मी तेही सांगितलं. त्याच्या हातात कागदाचं एक टोक दिलं. "झोप." त्याने डोळे मिटले. आईने कागद ओढला, आणि तो माणूस आपसूक कागदाबरोबर पुढे आला, एक पाऊल, दोन पावलं, आणि तिच्या अंगावर पडता पडता राहिला. डोळे उघडून हातातल्या टोकाकडे पाहत उभा राहिला. मग खाली बसून स्वतःच्या इंग्रजी पुस्तिकेत पाचव्या पायरीवरून पहिल्या पायरीपर्यंत एक बाण काढला. उद्या मशीनवर तपासतो, म्हणाला, पण तोवर हे पान कुठेही जाणार नाही. अकराही देशांत कळवतो.

जाताना त्याने सात शब्दांबद्दल विचारलं. आईने सात हात करून दाखवले. सहावा पाहून त्याने पेन ठेवलं आणि म्हणाला, सात चालतील.

बुधवार, २० मार्च

काम दिलं. इंजिनिअरचा सकाळी फोन आला: लाल बटण दाबूनही मशीन फिरलं.

बाईंनी कार्डांची पेटी काढून क्लिअरच्या मागे सहा कोरी कार्डं घातली आणि म्हणाल्या, "भर."

मी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"'ओळखीतले आहेत' म्हणालीस तेव्हाच कळलं. तुझे कान लाल होतात."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगतेस का ते पाहायचं होतं. नऊ दिवस लावलेस. तेवढे पुन्हा लावू नकोस." मग चष्मा बदलून म्हणाल्या, "आणि ३१ ला येऊ नकोस, रविवार आहे. एक तारखेपासून ये."

"म्हणजे कायम?"

"शंका वहीत."

समासने विचारलं की तुमच्या आईंना निळा रंग आवडतो का. हा प्रश्न कशासाठी, ते अजून लक्षात आलेलं नाही.

रविवार, ३१ मार्च

फ्रेंच पुस्तिका छापून आली. घरी आणली, आता ती दाखवायला हरकत नाही. मावशीने वास घेतला, आईने चित्रं पाहिली, आणि मग आई म्हणाली, "हे तिकडच्यांचं झालं. आमच्या मशीनवर उद्या दोन नव्या पोरी येतायत. त्यांना कोण सांगणार?"

"तू सांगशील ना."

"आवाजात?"

त्यांच्या मशीनवर कसलाच कागद नाही. बत्तीस वर्षांत कधी नव्हता. नव्या मुलींना वाचता येतं. म्हणून मी मोठा कागद घेऊन बसले. आपल्या भाषेत मी आजवर एकही सूचना लिहिलेली नाही हे तेव्हा लक्षात आलं. लिहिलं आणि वाचून दाखवलं:

"कृपया चादर काढण्यापूर्वी प्रथम भिंतीवरील विद्युतखटका बंद करण्याची दक्षता घ्यावी."

"एवढं वाचेपर्यंत तिचा हात पोचला आत," मावशी म्हणाली.

"कृपया काढ," आई म्हणाली. "मशीन कृपा करतं का?"

कृपया काढलं. दक्षता काढली. विद्युत काढलं. आईने प्रत्येक शब्दावर मान हलवली, हलवली, आणि शेवटी चार उरले तेव्हा थांबली:

आधी खटका. मग हात.

"आता कोणी सांगितलं ते लिही," म्हणाली. "नाहीतर त्या म्हणतील, कुठल्या साहेबाने लावलंय, त्याला काय कळतंय."

मी खाली आईचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्याखाली मावशीचं. दोन्ही सूचनेइतक्याच मोठ्या अक्षरांत. दोघी कागदावर वाकून पाहत राहिल्या.

"माझं खाली का?" मावशी म्हणाली.

तिला वाचता येत नाही. खालची ओळ आपली आहे हे मात्र बरोबर कळलं.